दिवा धरणारी दोन्का

चोवीस मे म्हणजे आमच्या गोर्नी दोलमध्ये सगळं बंद. आमच्या लिपीचा, अक्षरांचा सण, शाळेची मिरवणूक, सुट्टी. गॅरेजवाला सासुरवाडीला, सुट्या भागांच्या दुकानाला कुलूप. एवढं वर्ष पडलेलं असताना दोन्काच्या गाडीनं मान टाकली ती नेमकी त्याच दिवशी, सकाळी साडेनऊला, लेकीला केस करायला सोडून परत येताना. आणि संध्याकाळी पाचला त्याच लेकीला त्याच गाडीतून बारावीच्या निरोपाच्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, न्यायचं होतं.

चर्चच्या वळणावर आधी महिनाभर येत होता तोच किंचाळल्यासारखा आवाज आला, मग स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, मग समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. दोन्कानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत कशीबशी दोनशे पावलं गाडी नेली, घराच्या फाटकातून आत घेतली आणि गॅरेजमध्ये उभी करून इंजिन बंद केलं. दोन मिनिटं ती तशीच बसून राहिली. रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं.

ते माणूसही लगेच मिळालं. कुंपणापलीकडून तिचा दीर गांचो आला. गांचो म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, स्तामेनचा, धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीत आधी हात घालणार आणि मग विचार करणार. त्याची पांढरी मोठी गाडी त्यानं सकाळी सहालाच धुतली होती. आरशांना फितीसुद्धा बांधल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना.

"आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला, वहिनी," तो म्हणाला आणि बॉनेट उघडून मोकळा झाला. "गेला पट्टा. हे बघ, नुसत्या चिंध्या राहिल्यात."

"हात नका लावू, भावोजी. मी बघते."

"बघायचं काय त्यात? कुजलाय." असं म्हणेपर्यंत खिशातला चाकू निघाला, पट्ट्यावरून फिरला आणि मेलेल्या सापासारखा तो पट्टा गांचोच्या हातात लोंबायला लागला. "संपला विषय. पोरीला मी नेतो. माझी गाडी तयारच आहे."

दोन्का त्या रिकाम्या पुल्यांकडे बघत राहिली. पट्टा जागेवर असता तर कुठून कुठे जातो ते कागदावर काढून घेता आलं असतं. आता तिथे पाच पुल्या होत्या, आणि त्यांच्यातून वाट कशी जाते ते सांगणारं काही नव्हतं.

"भावोजी," ती म्हणाली, "पट्टा काढायच्या आधी त्याची वाट लिहून घ्यायची असते. एवढं तर मलाही कळतं."

"तुला काय कळायचंय? तू तर नुसता दिवा धरायचीस."

हे खरं होतं, म्हणूनच ते झोंबलं.

स्तामेनला जाऊन दोन वर्षं झाली होती. फेब्रुवारीत अंगणातला बर्फ ओढता ओढता बसला, तो उठलाच नाही. चोवीस वर्षांच्या संसारात दर शनिवारी तो या गॅरेजमध्ये काहीतरी उघडून बसायचा आणि दोन्का लांब तारेचा विजेचा दिवा हातात धरून बाजूला उभी राहायची. "दिवा नीट धर, दोने. कामावर धर. माझ्या डोळ्यात नको." एवढंच तिचं काम. एकदा तिनं पाना मागितला, तर तो हसून म्हणाला, तुझे हात सुईसाठी आहेत. शिवणकारखान्यात चाळीस यंत्रांची रांग तिच्या देखरेखीखाली होती, आणि तिथला दुरुस्तीवाला कॉफी प्यायला गेला की यंत्रांचे पट्टे तीच बदलायची. अंगठ्यानं दाबून ताण बरोबर आहे का ते सांगायची. पण ते कारखान्यात. घरी ती दिवा धरायची.

आणि ही गाडी. जुनी, निळी, डाव्या दाराला पोचा आलेली. यानित्सा पहिलीत गेली त्या दिवशी स्तामेननं तिला याच गाडीतून शाळेत सोडलं होतं आणि म्हटलं होतं, बारावीच्या बॉललाही हीच गाडी, पुढच्या सीटवर तू, राणीसारखी. तो गेला, पण पोरगी ते विसरली नाही. महिनाभर काकाची पांढरी गाडी, मैत्रिणींच्या भाड्याच्या लांबलचक गाड्या, सगळ्यांना एकच उत्तर: पप्पांच्या गाडीतून, नाहीतर पायी. उंच टाचांचे बूट घालून पायी जायलाही ती कमी करणार नाही, हे दोन्काला पुरतं ठाऊक होतं. आईवरच गेली होती.

पण खरं सांगायचं तर दोन्काला वेगळंच लागलं होतं. आज पोरगी गांचोच्या गाडीतून गेली असती तर गावात कुणी काही बोललं नसतं. उलट कौतुकच झालं असतं, बघा, काकानं बापाची जागा भरून काढली. आणि दोन्का फाटकात उभी राहून डोळे पुसणारी विधवा झाली असती, कायमची. ती भूमिका तिला नको होती.

तिनं अंगावरचा चांगला ब्लाउज काढून खुंटीला टांगला आणि स्तामेनचा गॅरेजमधला डगला चढवला. बाह्या चारदा दुमडाव्या लागल्या.

मागच्या भिंतीवर, करवतीच्या शेजारी, एका खिळ्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी दोन वर्षं लटकत होतं. दोन्कानं ते रोज पाहिलं होतं आणि रोज त्यावरून नजर फिरवली होती. आता तिनं ते खाली काढलं. आत नवा कोरा पट्टा होता, आतून सहा खाचांचा, बाहेरून गुळगुळीत. कागदावर स्तामेनच्या अक्षरात, पेन्सिलीनं, लांबी लिहिली होती आणि खाली दोन शब्द: करायचा राहिलाय.

ती जराशी भिंतीला टेकली. मग पट्टा दोन्ही हातांत धरून उलटा वाकवून बघितला. कुठे भेग नव्हती.

"अगं, पट्टा आहे, पण वाट?" गांचो म्हणाला. तो निघून जाईल असं तिला वाटलं होतं, पण तो दारातच घुटमळत होता. चाकू केव्हाच खिशात गेला होता. "बॉनेटच्या आतल्या बाजूला कंपनीचं चित्र असतं की."

होतं ना. बॉनेटच्या आत नेमक्या त्या जागी संत निकोलाचं चित्र होतं. गाडी आणली त्या दिवशी पाद्री पाणी शिंपडून गेला आणि स्तामेननं ती तसबीर चिकटवली, चांगली पक्की, चारी कोपरे दाबून. खाली काय आहे ते बघायचं त्याला सुचलं नाही. प्रवाशांचा राखणदार संत, बॉनेटखाली, वाटेच्या नकाशावर बसलेला.

"नखानं सोलून काढू," गांचो म्हणाला.

"सोलून बघ, तुझी नखं मी सोलते." हा आवाज किना आजीचा, म्हणजे दोन्काच्या सासूचा. चौऱ्याऐंशी वर्षांची, काठी टेकत अंगणातून आलेली. "संताला हात लावायचा नाही. त्यानंच आतापर्यंत सांभाळलंय."

"आई, पट्टा तुटलाय," दोन्का म्हणाली.

"बाकी सगळं शाबूत आहे ना? मग?"

 तसंही आतापर्यंत त्या कागदाखालचं चित्र गोंदात विरघळूनही गेलं असेल. तेवढ्यात यानित्सा आली, डोक्यावर पिनांचा डोंगर, पायात चपला. तिला एका वाक्यात सगळं कळलं. ती रडली नाही. तिनं फोन काढला आणि पाच मिनिटांत सात चित्रं शोधली. सातही वेगळी. एकात सहा पुल्या, एकात चार, एकात त्यांच्या गाडीत नसलेलं गारव्याचं यंत्र.

"आई, यातलं आपलं कुठलं?"

"यातलं एकही नाही. तू जा, नखं रंगव. पाचला फाटकात ये."

"म्हणजे होईल?"

"पाचला ये म्हणलं ना."

पोरीनं आईकडे नीट बघितलं आणि गेली. दोन्कानं मग खिळ्यावरचा तारेचा दिवा काढला, लावला आणि गांचोच्या हातात दिला.

"धरा."

"मी?"

"तुम्हीच. वाट तुम्ही कापलीत, उजेड तुम्हीच दाखवा. असा नाही. कामावर धरा, माझ्या तोंडावर नको."

गांचोनं आयुष्यात कुणासाठी दिवा धरला नव्हता. पण वहिनीचा तो स्वर त्यानं याआधी ऐकला नव्हता. तो वाकला.

इंजिनावर उजेड पडला आणि दोन्काला एकदम सहा वर्षांपूर्वीचा एक शनिवार आठवला. हाच कोन, हाच उजेड, हाच ग्रीसचा वास. स्तामेन जुना पट्टा काढून नवा चढवत होता आणि स्वतःशी पुटपुटत होता. त्याला पुल्यांची नावं येत नसत. त्यानं प्रत्येकीला गावातलं घर करून टाकलं होतं. सगळ्यात खालची मोठी, जिथून जोर निघतो, ती गिरणी. ताण देणारी गुळगुळीत पुली म्हणजे आईचं घर. "आईकडे पाठ वाकवूनच जायचं, दोने," असं म्हणून तो पट्ट्याची गुळगुळीत पाठ तिच्यावर टेकवायचा. वीज करणारी ती शाळा. स्टिअरिंगचा पंप म्हणजे खानावळ, कारण तिथून पिऊन निघालेला माणूस कुठेही वळतो. पाण्याचा पंप म्हणजे झरा.

"गिरणीतून निघायचं," दोन्का हळूच म्हणाली. तिनं शिवणाच्या डब्यातून लाल लोकरीचा धागा आणला होता. तो तिनं पट्ट्याऐवजी पुल्यांवरून फिरवायला घेतला. नुसतं वाट बघायला. "गिरणीतून आईकडे. पाठ वाकवून. तिथून..."

इथे ती अडली. आईच्या घरावरून धागा दोन ठिकाणी जाऊ शकत होता: शाळेकडे किंवा खानावळीकडे. दोन्हीकडे बसत होता. वाट चुकली असती तर पंप उलटा फिरला असता, आणि पट्टा पहिल्या वळणालाच फेकला गेला असता.

"आधी शाळा असणार," ती म्हणाली. "आधी शाळा, मग खानावळ. असंच असतं ना माणसाचं."

दिवा हलला.

"नाही," गांचो म्हणाला.

तिनं वर बघितलं. गांचोचा चेहरा वेगळाच झाला होता.

"आधी खानावळ," तो म्हणाला. "वहिनी, ही दादाची वाट नाहीये, बाबांची आहे. आम्हाला दोघांना हाताला धरून ते रोज सकाळी निघायचे. गिरणीत पोतं टाकायचं, मग आजीकडे, म्हणजे बाबांच्या आईकडे; दादाचं ते आईचं घर हेच. मग खानावळ. आम्ही बाहेर बाकावर बसायचो. दादाला आणि मला मिळून एक सरबत. मग शाळा. रोज उशीर. शेवटी झऱ्यावर ते तोंड धुवायचे, वास जावा म्हणून, आणि परत गिरणीत."

दोन्कानं धागा खानावळीवरून नेला, शाळेवरून खाली आणला, झऱ्यावरून वळवला आणि गिरणीत मिळवला. धागा कुठे घासला नाही, कुठे लोंबला नाही. जिथे खाचा तिथे तोंडाची बाजू, जिथे गुळगुळीत तिथे पाठ. पट्ट्याच्या लांबीशीही ताडून बघितला, बरोबर भरला.

"काय म्हणालास?" दारातून किना आजी म्हणाली. "मला तर सांगायचे, पोरांच्या मास्तरांना दूध पोचवायला जातो म्हणून. सात वर्षं मी किटलीत दूध भरून देत होते."

"ते दारूच्या बदल्यात खानावळवाल्याला मिळायचं, आई," गांचो म्हणाला.

म्हातारीनं काठी जमिनीवर दोनदा आपटली. "वर गेले की बघते त्यांना," असं म्हणाली आणि तरातरा घराकडे निघाली. पण पायरीशी पोचल्यावर तिचे खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं नव्हे.

पुढचं काम जोराचं होतं. ताणपुली आत दाबून धरल्याशिवाय पट्टा चढत नाही, आणि तिची स्प्रिंग भलतीच कडक. दोन्कानं लांब दांड्याचा पाना लावला, एक पाय भिंतीला रेटला आणि अंगाचा भार टाकला. पहिल्यांदा पाना सुटला आणि बोटांची सालं निघाली. गांचोनं दिवा खाली ठेवायला घेतला.

"दे इकडे वहिनी, तुझ्यानं नाही व्हायचं."

"दिवा," ती म्हणाली. फक्त एवढंच.

दिवा परत वर आला. तिनं डगल्याच्या बाहीत बोटं पुसली, पाना पुन्हा बसवला आणि या वेळी दोन्ही पाय रोवून ओढलं. पुली कुरकुरत आत गेली. डाव्या हातानं तिनं पट्टा शेवटच्या पुलीवरून, झऱ्यावरून, सरकवला आणि पाना हळूहळू सोडला. पट्टा ताठ झाला. कारखान्यातल्यासारखा तिनं अंगठा दाबून बघितला. ताण हवा तेवढाच होता.

चावी फिरवली. इंजिन लागलं, लाल दिवा गेला, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं. आणि आतून बारीक आवाज यायला लागला. चिव, चिव, चिव.

"चिमणी बसवलीस," गांचो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "बॉलला बँडची गरज नाही आता."

दोन्कानं इंजिन बंद केलं नाही. ती अंगणात गेली. पायरीवर किना आजीनं संध्याकाळसाठी तांब्याची कळशी भरून ठेवली होती, पाण्यात लाल जिरॅनियमचं फूल टाकून. आमच्याकडे घरचं माणूस शुभ कामाला निघालं की त्याच्या पुढ्यात पाणी ओततात, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ जाते. दोन्कानं त्यातलं ओंजळभर पाणी घेतलं.

"ते शकुनाचं आहे!" म्हातारी खिडकीतून ओरडली.

"मलाही शकुनच बघायचाय, आई."

तिनं लांबून, बोटं आत न नेता, फिरत्या पट्ट्यावर चार थेंब उडवले. स्तामेन असंच करायचा. पाणी पडल्यावर आवाज वाढला तर ताण कमी; आवाज गेला आणि परत आला तर पट्टा कुठेतरी तिरका बसलाय. चिवचिवाट थांबला. दोन्कानं मनात मोजलं. सात म्हणेपर्यंत चिमणी परत आली.

"तिरका आहे," ती म्हणाली आणि इंजिन बंद केलं. "दिवा शाळेवर धरा. आणखी खाली. शाळेवर म्हणलं ना, भावोजी, खानावळीवरून हला आता."

शाळेच्या पुलीवर पट्टा एक खाच बाहेर बसला होता. एकच. सहातल्या पाच खाचा आत आणि सहावी काठावर. नुसत्या डोळ्याला दिसलं नसतं; दिवा खालून धरला तेव्हा काठाशी बारीक सावली दिसली. तिनं पुन्हा पाना लावला, पुन्हा ओढलं, सोललेली बोटं पुन्हा सोलली. पट्टा खाचेत गेला. इंजिन लागलं. पाणी उडवलं. तीस मोजले, साठ मोजले. काही नाही. फक्त इंजिनाची घरघर, स्वच्छ.

 गांचोनं दिव्याची तार नीट गुंडाळली, दादा गुंडाळायचा तशी, आणि खिळ्यावर टांगली. मग तो आपल्या अंगणात गेला आणि पांढऱ्या गाडीच्या आरशांवरच्या फिती सोडायला लागला.

दोन्का एकटी राहिली. डगल्याच्या खिशात पेन्सिलीचं एक बोटभर थोटूक होतं. खिळ्यावरच्या कागदावर, करायचा राहिलाय याच्या खाली, तिनं लिहिलं: केला. मग जरा थांबून पुढे स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण. 

पाच वाजता अख्खी गल्ली फाटकाशी जमली. अंगणात लाल सतरंजी, टेबलावर चीज भरलेली बानित्सा आणि फळांची दारू, राकिया, फाटकापासून गाडीपर्यंत माणसं. यानित्सा बाहेर आली ती आईनं शिवलेल्या हिरव्या झग्यात. निळ्या गाडीच्या आरशांना फिती बांधल्या होत्या. त्या गांचोनं कधी आणून बांधल्या ते कुणी बघितलं नाही.

दोन्का रीतीप्रमाणे पाव आणि मीठ घेऊन उभी होती. हात तिनं तीनदा धुतले होते, साबणानं, साखरेनं, लिंबानं. तरी नखांखालचं काळं गेलं नव्हतं आणि बोटांवर सालं निघालेली. समोरच्या घरातली शिक्षिकाबाई त्या हातांकडेच बघत होती. दोन्कानं पावाखाली ते लपवले.

किना आजी कळशी घेऊन पुढे आली. शकुनाचं पाणी चाकांपुढे जमिनीवर ओतायचं असतं, थोडं थोडं. म्हातारीनं कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळीच्या सगळी चालू गाडीच्या तोंडावर, जाळीतून आत, भिरकावली. फूल बॉनेटवर चिकटलं.

गल्लीतल्या प्रत्येकानं गेला महिनाभर ती गाडी किंचाळताना ऐकलेली होती. सगळे थांबले. दोन्काही थांबली. जाळीतून पाणी टपकत होतं आणि आत पट्टा फिरत होता, गिरणीतून आईकडे, आईकडून खानावळीत, शाळेत, झऱ्यावर आणि परत. आवाज नाही. कसलाच नाही.

किना आजीनं रिकामी कळशी खाली ठेवली. "मला बघायचं होतं," ती म्हणाली.

यानित्सा पुढच्या सीटवर बसली. दोन्का स्टिअरिंगवर बसली आणि काळ्या नखांचे हात तिनं वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. खिडकी उघडीच होती. मागून शिक्षिकाबाईच्या नवऱ्यानं गांचोला विचारलेलं तिला ऐकू आलं.

"सुट्टीच्या दिवशी मेकॅनिक कुठून आणलास रे? माझ्याही गाडीचा आवाज येतोय."

"वहिनीनं बसवला," गांचो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, गल्लीला ऐकू जाईल असं. "सगळं तिनं केलं. दिवा मी धरला होता."

यानित्सानं खिडकीतून डोकं बाहेर काढून शाळेच्या बारा इयत्ता, एकपासून बारापर्यंत, मोजायला सुरुवात केली, जशी आज गावातली सगळी पोरं मोजत होती, आणि गल्ली तिच्याबरोबर मोजायला लागली. दोन्कानं बारापर्यंत थांबून गिअर टाकला.